ढेपेची बुरशी दुधात उतरते



दुधातील भेसळ म्हटली की आपल्याला पाणी आणि युरिया आठवतो, आणि दोष दुसऱ्या कोणाचा तरी असतो. परंतु अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा आरोग्याला घातक भेसळ फक्त १२ नमुन्यांत निघाली. अफ्लाटॉक्सिन एम-१ नावाचे विष मात्र ३६८ नमुन्यांत मर्यादेच्या वर होते. हे विष कोणी दुधात टाकत नाही. ते आपल्याच गव्हाणीतून येते.

आपला जिल्हा कपाशीचा. वाढे, कुटार कितीही असो, दुभत्या जनावराला सरकी ढेप लागतेच. ढेपेला, शेंगदाण्याच्या पेंडीला किंवा मक्याला ओल लागली की बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार होते. जनावराच्या पोटात गेल्यावर त्याचा थोडा अंश एम-१ होऊन एका दिवसाच्या आत दुधात उतरतो.

कायद्याने एक किलो दुधात अर्धा मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा आहे. म्हणजे वीस लाख किलो दुधात एक ग्रॅम! संकलन केंद्रावर फॅट आणि डिग्री लावतात, त्यात हे कळत नाही. दूध उकळले तरी हे विष जात नाही, दही लावले तरी राहते, आणि खवा आटवला तर दाट होते. २०१७ साली आपल्याकडे कपाशीच्या फवारणीने माणसे दगावली, त्या औषधाला निदान उग्र वास तरी होता. याला वासही नाही, चवही नाही.

या विषाचा मार लिव्हरवर बसतो. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे काविळीने मेली. दुधातले प्रमाण त्या मानाने फारच थोडे. पण दूध रोज पितात ती आपली लहान लेकरे, हे विसरू नये.

उपाय मात्र आपल्या हातचा आहे :

१. ढेप फोडून, हुंगून घ्या. कुबट वास, गोळे किंवा हिरवट-काळी बुरशी दिसली तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

२. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच आणा.

३. भिजवलेली ढेप त्याच दिवशी संपवा. टोपले रोज घासा.

४. बुरशी आलेली ढेप उन्हात वाळवून चारू नका. बुरशी वाळते, विष तसेच राहते. भाकड जनावरालाही ती घालू नका, पुरून टाका.

खराब ढेप बंद केल्यावर चार-पाच दिवसांत दूध बहुतेक स्वच्छ होते. एका पोत्याचे नुकसान सोसावे लागेल. पण घरातले लेकरू आणि गिऱ्हाइकाचे लेकरू, दोघांच्या पेल्यात तेच दूध जाते.