खलनायकाने उभे केलेले जोतीराव
(सदाशिव अमरापूरकर यांच्या एका छोट्या भूमिकेचा अभ्यास)

— द्वितीय वर्ष कला, इतिहास

आपल्या नगर जिल्ह्याने (आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याने) रंगभूमीला आणि चित्रपटाला अनेक कलावंत दिले आहेत. पडद्यावरचे कृष्ण म्हणून जुन्या पिढीला परिचित असलेले शाहू मोडक यांचा जन्म १९१८ साली नगरलाच झाला. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ या गाजलेल्या नाटकाचे लेखक आणि नट मधुकर तोरडमल हे नगरमध्ये इंग्रजीचे प्राध्यापक होते. याच परंपरेत सदाशिव अमरापूरकर यांचे नाव घ्यावे लागते. ११ मे १९५० रोजी जन्मलेले आणि ३ नोव्हेंबर २०१४ रोजी निधन पावलेले अमरापूरकर सर्वसामान्य प्रेक्षकाला हिंदी चित्रपटातले खलनायक म्हणून ठाऊक आहेत. त्यांच्या आडनावातले अमरापूर हे शेवगाव तालुक्यातले गाव आहे, ही गोष्ट मात्र आपल्याकडच्याच पुष्कळांना माहीत नसते.

प्रस्तुत लेखात त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा आढावा घेण्याचा विचार नाही. तेवढी माझी तयारीही नाही. दूरदर्शनवर त्यांनी केलेल्या एका छोट्या भूमिकेचा विचार येथे करायचा आहे. ती भूमिका म्हणजे ‘भारत एक खोज’ या मालिकेतील महात्मा जोतीराव फुले यांची.

छोटी भूमिका म्हणजे काय?

नायकाला ओळख करून द्यावी लागत नाही. कथा त्याचीच असते, आणि प्रेक्षक त्याच्या सवडीने त्याला समजून घेतो. चरित्रनटाला ही सवलत नसते. तो दोन-चार प्रसंगांपुरता येतो, आणि तेवढ्यात त्याला एक संपूर्ण माणूस उभा करावा लागतो. त्या माणसाचे गाव, जात, धंदा, पैसा, दुखणे, अहंकार हे सारे सांगायला वेळ नसतो. ते चालण्यातून, बसण्यातून आणि बोलण्याच्या ढंगातून दिसावे लागते.

दूरदर्शनवर हे काम आणखी कठीण होते. चित्रपटगृहात अंधार असतो आणि प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो. घरातला प्रेक्षक जेवता जेवता, पोरांना दटावता दटावता पाहत असतो. तरीही या छोट्या पडद्याने छोट्या भूमिकांना मोठे केले आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले आणि १९७७ च्या सुमारास चि. वि. जोशींच्या लेखनावरची ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही मालिका आली. तिच्यात दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कर्वे मुंबई महानगरपालिकेत अभियंता होते. त्यांनी नाटकांतून पुष्कळ कामे केली. पण २०२५ साली त्यांचे निधन झाले तेव्हाही लोकांनी ‘गुंड्याभाऊ गेले’ असेच म्हटले. घरात येऊन बसलेल्या पात्राला लोक घरचाच माणूस समजतात. चरित्रनटाचे यश यात आहे आणि त्याची अडचणही यातच आहे. एकदा लागलेले नाव पुसले जात नाही.

अमरापूरकरांना लागलेले नाव

अमरापूरकर मूळचे रंगभूमीचे. पुणे विद्यापीठात इतिहास विषय घेऊन एम.ए. करीत असतानाही त्यांचे नाटक चालूच होते. चित्रपटात ते प्रथम लक्षात राहिले ते ‘२२ जून १८९७’ या १९७९ सालच्या मराठी चित्रपटात. चापेकर बंधूंवरील या चित्रपटात त्यांनी लोकमान्य टिळकांची छोटी भूमिका केली होती. पुढे ‘हँड्स अप’ या व्यावसायिक नाटकातील त्यांचे काम पाहून गोविंद निहलानी यांनी त्यांना ‘अर्धसत्य’साठी (१९८३) निवडले.

‘अर्धसत्य’ची मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला रामा शेट्टी मोजक्याच प्रसंगांत दिसतो. तो आरडाओरड करीत नाही, डोळे वटारीत नाही. हलक्या आवाजात, घरच्यासारखा बोलतो; आणि ज्याला कायद्याची भीती उरलेली नाही असा माणूस कसा असतो ते आपल्याला कळून चुकते. या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मग ‘हुकूमत’ (१९८७) आला. ‘सडक’ (१९९१) मधील महाराणीच्या भूमिकेसाठी त्यांना खलनायकाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार तेव्हा नव्यानेच सुरू झाला होता. अभिनय म्हणून ती भूमिका विलक्षण आहे. तथापि तृतीयपंथी व्यक्तीला असे केवळ क्रूर रंगवणे आज खटकते, हेही अभ्यास करताना नमूद केले पाहिजे. ‘आँखें’ (१९९३) सारख्या चित्रपटांत त्यांनी लोकांना हसवलेही. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’ आणि ‘वास्तुपुरुष’ मध्ये त्यांचे वेगळेच रूप दिसते. परंतु गावोगावी शिल्लक राहिला तो खलनायकच.

किल्ल्यातले पुस्तक आणि पडद्यावरचे फुले

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ ठरावानंतर काँग्रेसच्या नेत्यांना पकडून नगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. त्यात पंडित नेहरू होते, मौलाना आझाद होते, सरदार पटेल होते. १९४४ साली याच किल्ल्यात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. त्यावर श्याम बेनेगल यांनी ५३ भागांची मालिका केली आणि १९८८-८९ मध्ये दूरदर्शनने ती दाखवली. नेहरूंच्या भूमिकेत रोशन सेठ होते. निवेदन करणारे ओम पुरी हे ‘अर्धसत्य’मध्ये रामा शेट्टीसमोर उभे राहणारे इन्स्पेक्टर वेलणकर होत.

म्हणजे असे पाहा : पुस्तक नगरच्या किल्ल्यात लिहिले गेले, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी त्यावरच्या मालिकेत नगरचाच एक नट जोतीराव फुले झाला. या योगायोगाला तिसराही धागा आहे, आणि इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार यांनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या होत्या. जोतीरावांनी आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर त्या पाहिल्या, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागे त्या भेटीची प्रेरणा होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले तेही मिस फरार यांच्याकडे, नगरलाच. जोतीरावांची भूमिका नगरच्या नटाकडे यावी हे कोणी मुद्दाम ठरवले असेल असे नाही. पण आपण नगरकरांनी ते लक्षात ठेवायला काय हरकत आहे?

भूमिकेची अडचण

तासाभराहूनही लहान अशा एका भागात जोतीराव सांगायचे. १८२७ ते १८९० एवढे आयुष्य. मुलींची शाळा, घराबाहेर काढले जाणे, घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणे, १८७३ चा सत्यशोधक समाज, १८८२ सालची हंटर आयोगापुढील साक्ष, ‘शेतकऱ्याचा असूड’. यातले किती दाखवणार आणि किती सोडणार? अशा वेळी नटाच्या अंगात तो माणूस नसेल तर उरते ती नुसती सनावळी.

येथे अमरापूरकरांच्या दोन गोष्टी कामी आल्या असे मला वाटते. एक म्हणजे त्यांचा इतिहासाचा अभ्यास. ज्या नटाने टिळक केले त्यानेच फुले करावेत ही साधी बाब नाही. मुलींच्या शिक्षणाबाबत या दोघांची मते अगदी विरुद्ध होती. तरीही १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांवर खटला झाला तेव्हा जोतीरावांच्या शब्दावरून त्यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांनी त्या दोघांना जामीन दिला. ही गुंतागुंत माहीत असलेला नट एकाला देव आणि दुसऱ्याला दैत्य करणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा साधा चेहरा. तो शेताच्या बांधावर, बाजारात, एस.टी.च्या रांगेत दिसणारा चेहरा आहे. खलनायक म्हणून तो भीतिदायक वाटे, कारण तो ओळखीचा होता. जोतीराव म्हणून तो पटतो, त्याचेही कारण तेच.

घरातला प्रेक्षक

टीकाकारांचे मत कितीही मोठे असले तरी छोट्या पडद्याचा खरा निकाल घरात लागतो. म्हणून एक घरचा अनुभव येथे देते. माझे आई-वडील पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जातात. कोयता घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघाले की उन्हाळ्यापर्यंत घरी मी, धाकटा भाऊ आणि आजी. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. ‘बी.ए. करून काय कलेक्टर होणार का?’ हा प्रश्न आमच्याकडे पाहुण्यांच्या चहाबरोबर येतो, आणि गेल्या वर्षापासून त्याच्या जोडीला स्थळेही येऊ लागली आहेत.

हा लेख लिहायचा म्हणून मी तो भाग मोबाइलवर लावला होता. आजी शेजारी शेंगा फोडीत होती. तिने पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, “ह्यो तर लई वंगाळ माणूस! ह्याचं काय बघतीस?” टी.व्ही.वर लागणाऱ्या चित्रपटांतून तिला तो चेहरा पाठ होता. मी म्हटले, “आजी, ह्यात तो चांगला आहे.” तिचा विश्वास बसला नाही. आता हा काहीतरी दगा करणार, या समजुतीने ती पाहत राहिली. दगा झाला नाही. थोड्या वेळाने शेंगा तशाच राहिल्या. मग मी तिला सावित्रीबाईंबद्दल सांगितले, आणि त्या नगरला शिकल्या हेही सांगितले. आजी कधी शाळेत गेलेली नाही. तिने विचारले, “आपल्या नगरला? बाईमाणूस? त्या काळात?” आणि जरा थांबून, “तिला घरचं कुणी आडवं आलं न्हाई का?” मी म्हटले, “आले की. सासऱ्यांनी दोघांनाही घराबाहेर काढलं.”

पुढच्या आठवड्यात चुलते स्थळाचा विषय घेऊन आले. तेव्हा आजी एवढेच म्हणाली, “तिची परीक्षा हुंदे आधी.” विषय मिटलेला नाही. परीक्षेनंतर तो पुन्हा निघणार हे मला ठाऊक आहे. पण एक वर्ष मिळाले.

याचे श्रेय सगळे नटाला देणे योग्य होणार नाही. परंतु एक गोष्ट मला यातून कळली. पडद्यावर अनोळखी, सोज्ज्वळ चेहरा असता तर आजीने मान वर केली नसती. ती थांबली ती त्या ‘वंगाळ’ माणसासाठी. खलनायकाचा जो शिक्का नटाच्या कपाळी बसतो म्हणून आपण हळहळतो, त्याच शिक्क्याने इतिहासाचा एक भाग एका निरक्षर बाईपुढे नेऊन ठेवला. वर्षानुवर्षे केलेल्या वाईट माणसांच्या भूमिकांचे व्याज अमरापूरकरांना अशा एखाद्या भूमिकेत मिळाले असे म्हणता येईल.

शेवटची एक छोटी भूमिका

भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त २०१३ साली ‘बॉम्बे टॉकीज’ हा चार कथांचा चित्रपट आला. त्यातील दिबाकर बॅनर्जी यांची कथा सत्यजित राय यांच्या पटोलबाबू नावाच्या हौशी नटाच्या कथेवर बेतलेली आहे. चित्रीकरणात सहज मिळालेली एक क्षणाची भूमिका, नायकाला धडकून पुढे जायचे एवढेच काम, आणि तेवढ्यासाठी जीव ओतणारा माणूस. हा माणूस नवाजुद्दीन सिद्दीकी यांनी केला. त्याच्या मनापुढे त्याचे दिवंगत नाट्यगुरू उभे राहतात आणि त्याची कानउघाडणी करतात. ते गुरू म्हणजे सदाशिव अमरापूरकर. छोट्या भूमिकेचे मोल शिकवणारा गुरू, आणि ती भूमिकाही छोटीच.

त्याच २०१३ साली राज्यात, आपल्या जिल्ह्यातही, भीषण दुष्काळ होता. मुंबईत होळीच्या वेळी पाण्याची नासाडी चाललेली पाहून त्यांनी हटकले, आणि त्यांना मारहाण झाली. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत आणि नगरच्या ‘स्नेहालय’सारख्या संस्थांच्या कामातही त्यांचा सहभाग होता. जोतीराव त्यांना परके नव्हते, एवढेच यावरून म्हणायचे आहे.

समारोप

आपल्या महाविद्यालयात एकांकिका बसू लागली की प्रमुख भूमिकेसाठी चढाओढ लागते आणि ‘दोन वाक्यांचे काम’ कुणाला नको असते. मला यंदा अशीच चार वाक्ये मिळाली आहेत. अमरापूरकरांच्या अभ्यासातून मी माझ्यापुरते एक ठरवले आहे : वाक्ये मोजायची नाहीत, ती बोलणारी बाई कोठून आली आणि बोलून झाल्यावर कोठे जाणार, हे आधी शोधायचे.

भूमिका किती मोठी हे तिला मिळालेल्या वेळावर ठरत नाही. ती कोणापर्यंत पोचली आणि तिथे गेल्यावर तिने काय केले, यावर ठरते. ‘भारत एक खोज’च्या ५३ भागांपैकी तो एक भाग. इंटरनेटवर तो आज विनामूल्य पाहता येतो. माझी मित्रमैत्रिणींना विनंती आहे की, तो एकट्याने पाहू नये. घरात जे कोणी शाळेत गेले नसेल त्यांना शेजारी बसवून पाहावा.