बेडकीचा पाला आणि मधुमेह : अर्काची पारख कशी होते?

रानात व कुंपणावर चढणारी बेडकीच्या पाल्याची वेल अनेकांच्या ओळखीची आहे. तिचे पान चावून वर साखर खाल्ली, तर साखर वाळूसारखी बेचव लागते. म्हणूनच तिला गुडमार किंवा मधुनाशिनी म्हणतात. ‘जिभेवरची गोडी मारते, ती रक्तातली साखरही मारणारच’ असे मानून काही मधुमेही रोज पाल्याचा रस घेतात आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करतात. हे धोक्याचे आहे.

पानातील जिम्नेमिक आम्लांमुळे जिभेला गोड चव काही वेळ कळत नाही. थोड्या वेळाने ती परत येते. रक्तातील साखर उतरते का, हा प्रश्न निराळा असून त्याचे उत्तर चवीवरून मिळत नाही. त्यासाठी पुढील टप्पे पार करावे लागतात.

१) ओळख व अर्क : वनस्पतिशास्त्रज्ञाकडून वनस्पतीची खात्री करून घेतात. पाने वाळवून भुकटी करतात व पाण्यात किंवा मद्यार्कात अर्क काढतात.

२) परीक्षानळीतील चाचणी : पिष्टाची साखर करणारी विकरे अर्कामुळे मंदावतात का, हे पाहतात.

३) उंदरांवरील चाचणी : स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून इन्शुलीन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करतात. मग एका गटाला अर्क, दुसऱ्याला प्रचलित औषध देतात व तिसरा गट औषधाविना ठेवतात. यकृत व मूत्रपिंडावरील परिणामही तपासतात.

४) माणसांवरील चाचणी : खरी कसोटी येथेच लागते. मद्रास येथील १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२ रुग्णांना चालू गोळ्यांच्या जोडीला रोज ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने दिला. साखर उतरली व ५ जणांच्या गोळ्या बंद करता आल्या. निष्कर्ष आशादायक आहे; पण रुग्ण थोडे होते आणि त्यांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. वाणांच्या प्रयोगात वाफे चिठ्ठ्या टाकून का ठरवतात, हे आपण जाणता. कसदार जमीन एकाच वाणाच्या वाट्याला आली, तर उत्पन्न वाणाचे की जमिनीचे, हे कळत नाही. येथेही तेच लागू पडते.

गॅलेगा या युरोपातील वनस्पतीचे उदाहरण बोलके आहे. तिच्यातील द्रव्याने साखर उतरते. पण ती खाऊन मेंढ्यांना विषबाधा होते. त्याच जातीच्या द्रव्यांच्या अभ्यासातून १९२२ साली मेटफॉर्मिन तयार झाले आणि १९५७ साली फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी त्याचा मधुमेहावरील उपयोग दाखवला. आजही ही गोळी सर्रास दिली जाते. वनस्पतीने वाट दाखवली, पण औषध ठरले ते तपासणीतून.

लक्षात ठेवा :

• इन्शुलीन किंवा गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

• पाला घेत असल्यास डॉक्टरांना सांगा. गोळ्यांच्या जोडीला घेतल्यास साखर एकदम उतरून घाम, थरथर किंवा चक्कर येऊ शकते.

• पाला विकण्यासाठी गोळा करताना वेलीची खात्री करून घ्या. वेल मुळासकट उपटू नका. पाने सावलीत वाळवा व बुरशी लागू देऊ नका.

गुण आला की नाही, हे जिभेला विचारू नका. रक्त तपासून घ्या.