अंगणवाडीत आकाशाचे खेळ

आपल्या शाळेच्या आवारात अंगणवाडी आहे. तिथे तीन ते सहा वर्षांची मुले येतात. यंदा आम्ही चौथीची मुले शनिवारी तिथे जाऊन गाणी आणि खेळ घेतो. विषय आहे आकाश. काही जण म्हणतात, एवढ्याशा पोरांना ग्रह-तारे काय कळणार? त्यांना अजून शेंबूड पुसता येत नाही! पण मला वाटते, त्यांना कळतं. नुसतं सांगून कळत नाही, हाताने केलं की कळतं.

गुरुजींनी आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची माहिती सांगितली. त्यांनी १९४५ साली बोर्डी गावात खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले व पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येईनात, तर त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. खेळणी विकत आणली नाहीत. खडे, पाने, बिया, शंख-शिंपले हेच साहित्य. म्हणून आम्हीपण ठरवलं की दुकानातलं काही आणायचं नाही. फुगे मात्र आणावे लागले.

पहिल्यांदा बोटांचे गाणे. सूर्याभोवती आठ ग्रह फिरतात. आईवडिलांच्या वेळच्या पुस्तकात नऊ होते, पण २००६ साली शास्त्रज्ञांनी प्लूटोला बटुग्रह ठरवले. आता बघा, आपल्याला अंगठे सोडून बोटे किती? आठच! दोन्ही तळहात आपल्या तोंडाकडे करायचे आणि करंगळ्या एकमेकींना चिकटवायच्या. डावा अंगठा म्हणजे सूर्य. त्याच्या शेजारच्या बोटापासून ओळीने बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ. मग उजव्या करंगळीपासून गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. उजवा अंगठा म्हणजे चांदोमामा. गाणे आम्हीच वर्गात जुळवले :

अंगठा माझा सूर्य झाला,
बुध शेजारी शेकायला!
शुक्र चकचक, पृथ्वी निळी,
मंगळाची लाल गोळी.
गुरू ढेरपोट्या, शनीला कडं,
युरेनस लोळत जाई पुढं.
नेपच्यून बसला लांब लांब,
चांदोमामा, थांब थांब!

युरेनस लोळत का? तर तो खरंच आडवा पडून फिरतो. या ओळीला मुले जमिनीवर लोळतातच, मग त्यांना उठवता उठवता ताईंच्या नाकी नऊ येतात. शेवटच्या ओळीला चांदोमामाचा अंगठा धावत जाऊन पृथ्वीच्या बोटाला शिवतो, कारण चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. त्याचे घर नेपच्यूनजवळ नाही.

आता एक प्रश्न आमच्या वर्गात निघाला. चंद्र तर दगडमातीचा गोळा आहे. मग त्याला मामा म्हणणे खोटे नाही का? दोन दिवस वाद चालला. माझं मत असं की मामा राहू द्यावा. लहान मूल झाडूचा घोडा करतं, पण त्याला चारा घालत नाही. त्याला माहीत असतं तो झाडू आहे. तसाच मामा. पण धडा म्हणून शिकवताना चुकीचे सांगू नये. चंद्र स्वतः उजेड देतो असे सांगू नये. त्याच्यावर सूर्याचा उजेड पडतो, म्हणून तो दिसतो.

दुसरा खेळ मोसंबी-बोराचा. पृथ्वी जर सात सेंटिमीटरच्या मोसंब्याएवढी धरली, तर चंद्र मोठ्या बोराएवढा होतो. बोर कुठे ठेवायचे? सगळी मुले ते मोसंब्याला चिकटवून ठेवतात. मोठी माणसेसुद्धा एक वीतभर लांब ठेवतात. खरे म्हणजे मधे तीस मोसंबी ओळीने मावतील इतके लांब ठेवले पाहिजे, म्हणजे दोन मीटरच्या थोडे पुढे. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे, त्याचे हे माप. तीस मोसंबी कोण देणार? म्हणून आम्ही सुतळीला तीस गाठी मारल्या. लहान मुले एकेक गाठ मोजत चंद्रावर जातात. आणि याच मापाने सूर्य केवढा? एका मोठ्या खोलीएवढा, साडेसात मीटर, आणि तोही आठशे मीटर लांब! तिथे मुलांना नेता येत नाही. हात लांबवून दाखवतो.

तिसरा खेळ मला सगळ्यांत आवडतो. दिवसाचा चांदोबा शोधायचा. पौर्णिमेनंतर सात-आठ दिवसांनी सकाळी नऊ-दहा वाजता चंद्र पश्चिमेला पांढरा, अर्धा, कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. ढग नसले पाहिजेत. सकाळी सूर्य पूर्वेला असतो, म्हणून मुलांना सूर्याकडे पाठ करून उभे करावे. सूर्याकडे कधीही टक लावून बघू द्यायचे नाही, डोळे कायमचे बिघडतात. ज्याला आधी दिसला त्याने ओरडायचे नाही, नुसते बोट दाखवायचे. (ओरडतातच.)

अंगणवाडीत एक चार वर्षांची मुलगी आहे. अमावास्येला तिला अंगणात जायची भीती वाटते. ती म्हणते, चांदोबाला खाल्लं. घरात कोणीतरी तिला जेवत नाही म्हणून तसे सांगितले होते. तिच्यासाठी आम्ही अंधाराचा खेळ केला. खोलीच्या खिडक्या लावल्या, एका बाजूला बॅटरी लावून ठेवली. काडीला खोचलेला रबरी चेंडू माझ्या हातात, आणि ती माझ्यापुढे उभी. चेंडू बॅटरीच्या बाजूला धरला तेव्हा आमच्याकडची बाजू काळी दिसली. ही अमावास्या. मग दोघी मिळून हळूहळू वळलो. आधी कोर दिसली, मग अर्धा, आणि बॅटरी पाठीमागे आल्यावर पूर्ण गोल. म्हणजे चेंडू कधी लहान झालाच नाही! अर्ध्या चेंडूवर उजेड सारखा होताच, आपल्याला कधी तो पूर्ण दिसतो, कधी थोडा. तिने पुन्हा पुन्हा काळ्या चेंडूला हात लावून बघितला आणि म्हणाली, “हितंच हाय की.”

पुष्कळ मोठ्या मुलांना वाटते की कोर पृथ्वीच्या सावलीमुळे होते. तसे नाही. आपली सावली फक्त चंद्रग्रहणात पडते. खेळात पौर्णिमेला चेंडू डोक्याच्या वर धरावा लागतो, नाहीतर आपल्याच डोक्याची सावली त्याच्यावर येते. तेच ग्रहण. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. तेव्हा चंद्र तांबूस होतो, कारण पृथ्वीच्या हवेतून वळून गेलेला थोडा लाल उजेड त्याच्यावर पोचतो. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघितले तरी काही होत नाही. पालकांनो, मुलांना जेवायला लावायचे तर दुसरे काही सांगा, पण चांदोबाला कोणी खाल्लं असं सांगू नका. ती खरं धरतात.

अग्निबाणाचा खेळ सोपा आहे. दोन खांबांना दोरा बांधायचा, त्यात शहाळ्याची नळी ओवायची, नळीला फुगवलेला फुगा चिकटवायचा. मुलांनी दहापासून उलटे आकडे म्हणायचे आणि शून्याला फुगा सोडायचा. हवा मागे, फुगा पुढे. सुलटे आकडे न येणाऱ्या मुलांना यामुळे उलटे आधी आले! आपले चांद्रयान-३ असेच १४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोटाहून निघाले आणि २३ ऑगस्टला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरले. त्यातली प्रज्ञान नावाची सहा चाकांची गाडी फक्त २६ किलोची, म्हणजे आमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाएवढी.

पुढच्या शनिवारी परातीत बारीक माती घालून वरून खडे टाकायचे आणि चंद्रावरचे खड्डे करायचे आहेत. त्यासाठी एक जुनी परात आणि चाळलेली माती पाहिजे. ज्यांच्या घरी असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत ताईंकडे द्यावी. परात परत मिळेल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी