जादा दात काढल्याने नजर जात नाही

वरचा दात काढला की डोळे जातात, हा समज आपल्याकडे इतका मुरलाय की टाळूत जादा दात उघड दिसत असूनही पालक तो काढू देत नाहीत. मग पुढचे दात वेडेवाकडे झाल्यावर येतात. दृष्टीची नस वेगळी आणि वरच्या दातांची ठणक मेंदूकडे नेणारी नस वेगळी. दात काढल्याने दृष्टी जात नाही. ‘पण शेजारच्या मुलाला दात काढल्यावरच चष्मा लागला!’ लागला असेल. आठ-दहा वर्षं हे असे दात काढण्याचंही वय आणि शाळकरी मुलांना चष्मा लागण्याचंही. दात ठेवला असता तरी तो लागलाच असता.

दुधाचे दात २०, कायमचे ३२. त्याहून एखादा जास्त असणं १०० पैकी एक ते तीन जणांत आढळतं, मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक. सर्वांत नेहमीचा म्हणजे वरच्या दोन मधल्या दातांच्या मधोमध येणारा टोकदार दात, मेसिओडेन्स. पुष्कळदा तो बाहेर येतच नाही. हाडात उलटा, टोक नाकाकडे करून बसतो. आपल्याला दिसतो फक्त त्याचा उपद्रव.

मध्यंतरी नऊ वर्षांच्या एका मुलाला घरचे घेऊन आले. पुढच्या दोन दातांत फट होती, म्हणून मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून आईने त्या दातांना केसांचं बारीक रबर घातलं. फट कमी झाली, रबर मात्र दिसेना. झोपेत पडलं असेल म्हणून सगळे निर्धास्त. पुढे हिरडी सुजली, दात हलू लागले. दात मुळाकडे निमुळते होत जातात. त्यावरून सरकत रबर हिरडीच्या आत गेलं होतं. हिरडी उघडून ते काळपट कडं चिमट्याने काढलं, दात थोडक्यात वाचले. आणि एक्स-रेत दोन मुळांच्या मध्ये जादा दात आरामात बसलेला! तो काढू म्हटलं तर आजी म्हणाल्या, ‘नका हो, वरचा आहे.’ रबराला कुणीच हरकत घेतली नव्हती, बरं का.

सहाव्या-सातव्या वर्षी खालच्या दुधाच्या दातांमागे नवे दात उगवून दोन रांगा दिसतात, तो प्रकार वेगळा. ते जादा दात नव्हेत. बहुतेकदा दुधाचा दात आपोआप पडतो आणि मागचा पुढे सरकतो. जादा दातही प्रत्येक वेळी काढावाच लागतो असं नाही. त्रास देत नसेल तर अधूनमधून एक्स-रे काढून नजर ठेवली तरी चालतं. २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून २३२ दात काढले, ती बातमी आठवून घाबरू नका. ती ओडोन्टोमा नावाची गाठ होती, प्रकरण निराळं.

पण एका बाजूचा मधला दात येऊन सहा महिने झाले तरी जोडीचा येत नाही, वय नऊकडे झुकलं तरी वरचे मधले दात नाहीत, एखादा दात स्वतःभोवती फिरलाय, टाळूत टणक फुगवटा लागतोय, तर ‘येईल सावकाश’ म्हणत बसू नका. अडवणारा दात वेळेवर काढला तर अडलेला दात बऱ्याचदा आपणहून खाली येतो. उशीर झाला की तार लावून ओढावा लागतो. हाडात दडलेल्या दाताभोवती पाण्याची गाठही होऊ शकते. एकाच तोंडात बरेच जादा दात असले तर आम्ही गळपट्टीचं हाड तपासतो, घरात कुणाला आतड्याचा आजार आहे का विचारतो. त्या चौकशा उगीच नसतात, बरेच जादा दात हे कधीकधी अशा हाडांच्या किंवा आतड्याच्या आनुवंशिक आजाराचं लक्षण असतं.

दातांच्या दोन बाजूंत फरक दिसला की दंतवैद्याकडे जाऊन एक्स-रे काढून घ्या. रस्त्याकडेला दात उपटून देणाऱ्याकडे मुलाला नेऊ नका. हाडात उलटा बसलेला दात त्याला दिसणारही नाही.