तपास बंद झाला म्हणजे दोष मिटला असे नव्हे

एअरबॅगमध्ये दोष असल्याची शंका निघाली आणि सरकारने चौकशी सुरू केली, की गाडीमालक तिच्या निकालाची वाट पाहत बसतात. चौकशी बंद झाली, तर विषयच मिटला असे धरून चालतात. ताकाता प्रकरणाचा घटनाक्रम पाहता ही सवय जिवावर बेतणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सरकारी तपास हाती असलेल्या पुराव्यापुरते बोलतो. आपली गाडी सुरक्षित असल्याचा दाखला तो देत नाही.

ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष इन्फ्लेटरमुळे, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या उपकरणामुळे, होंडाने २००८ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,००० गाड्या परत बोलावल्या. मे २००९ मध्ये ओक्लाहोमात एका किरकोळ धडकेत एअरबॅग उघडताना उडालेल्या धातूच्या तुकड्याने एका तरुणीचा जीव घेतला. त्या वर्षाअखेरीस अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने चौकशी हाती घेतली, पण प्रश्न मर्यादित होता : होंडाने परत बोलावण्याचा निर्णय वेळेवर घेतला का? पुरेशी माहिती नाही, असे म्हणून मे २०१० मध्ये फाइल बंद झाली. मूळ दोषाचा तपास सुरू व्हायला जून २०१४ उजाडले. मे २०१५ मध्ये ताकाताने दोष मान्य केला, तेव्हा अमेरिकेतच सुमारे ३.४ कोटी गाड्यांचा प्रश्न उभा राहिला. फाइल बंद होती तेवढा काळ तीच उपकरणे रस्त्यावर फिरत होती आणि जुनी होत होती.

हे जुने होणेच घातक ठरले. या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेटवर आधारित इंधन होते. दमट हवा आणि तापमानातले चढउतार वर्षानुवर्षे सोसून ते बिघडते, मग धडकेच्या क्षणी हवे त्यापेक्षा वेगाने जळते. वाढलेल्या दाबाने धातूचे आवरण फुटते आणि त्याचे तुकडे प्रवाशाच्या अंगात घुसतात. म्हणूनच सुरुवातीला फ्लोरिडा, हवाई, पोर्तो रिको अशा उष्ण-दमट प्रदेशांवर भर दिला गेला. उष्ण-दमट मलेशियातही बळी गेले. मुंबई, कोकण, गोव्याची हवा याच जातीची आहे, आणि भारतातही ताकाताच्या इन्फ्लेटरसाठी गाड्या परत बोलावल्या गेल्या आहेत. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद इथे उलटा पडतो, कारण वर्षांगणिक धोका वाढतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, एअरबॅग असंख्य जीव वाचवते, मग भीती कशाला पसरवायची? आक्षेपातला पहिला भाग खरा आहे, म्हणून एअरबॅग काढून टाकणे हा उपाय नव्हेच. सदोष भाग बदलून घेणे हा उपाय आहे. दुसरा आक्षेप असा, की प्रत्येक तक्रारीवर सरकारने दोष जाहीर केला तर उद्योग कसे चालतील? सरकारने पुरावा मागणे योग्यच आहे. पण पुरावा जमतो तो लेखी तक्रारींतून, आणि तो जमेपर्यंतच्या काळात काळजी घेण्याचे काम मालकाकडेच उरते.

आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला. एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांत मात्र ही सक्ती सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहे आणि ती तक्रारींच्या संख्येशी जोडलेली आहे. वयाबरोबर वाढणाऱ्या दोषाला ही मर्यादा अपुरी पडते. त्यामुळे जुनी किंवा वापरलेली गाडी असणाऱ्यांनी अधिक जागरूक राहावे. कंपनीचे पत्र कदाचित पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेले असेल. आरसी बुकावरचा सतरा अंकाक्षरी चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन दरवर्षी तपासावा. रिकॉलखाली भाग बदलायचा असेल तर पैसे मागू देऊ नयेत आणि जॉबकार्ड जपून ठेवावे. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा सतत पेटत असेल तर दुर्लक्ष करू नये. भंगारातून काढलेली एअरबॅग स्वस्त मिळाली तरी बसवू नये. आणि शंका आली तर तक्रार लेखी करा. उद्याच्या तपासाला लागणारा पुरावा तुमच्याच तक्रारीतून उभा राहणार आहे.