कलावंतांशी संवाद : मुलाखतीचा एक पाठ

(विषय : मराठी. इयत्ता चौथी ते सातवी. तासिका : चार.)

विद्यार्थ्यास प्रश्नांची उत्तरे देता यावीत म्हणून शाळेत वर्षभर परिश्रम घेतले जातात. परंतु त्यास चांगला प्रश्न विचारता यावा म्हणून मात्र क्वचितच एखादी तासिका राखून ठेवलेली आढळते. वस्तुतः प्रश्न विचारणे ही उत्तर देण्याइतकीच, किंबहुना त्याहूनही कठीण अशी विद्या आहे. ज्यास विषयाची काहीच माहिती नाही, त्यास प्रश्न सुचत नाही. आणि आपणास सर्व काही ठाऊक आहे असे ज्यास वाटते, त्यास तो विचारावासा वाटत नाही. थोडे कळले आहे आणि अधिक जाणण्याची ओढ लागली आहे, अशा मधल्या अवस्थेत विद्यार्थ्यास आणून सोडणे हे शिक्षकाचे काम होय.

लेखक, चित्रकार, गायक यांच्याशी त्यांच्या कामाविषयी केलेले संभाषण हे या शिक्षणाचे उत्तम साधन आहे. या पाठाचे सूत्र एकच आहे : कलावंतास असा प्रश्न विचारावा की, ज्याचे उत्तर त्याच्यावाचून दुसरा कोणी देऊ शकणार नाही. जन्मगाव, शिक्षण, पुस्तकांची नावे ही माहिती वाचनालयात मिळते. परंतु पुढची ओळ सुचेना तेव्हा काय केले, याचे उत्तर एकट्या कवीपाशीच असते.

मराठीतील जुनी परंपरा

मुलाखत हा वृत्तपत्रांबरोबर आलेला प्रकार आहे, असा समज असतो. तथापि मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याची गणना होते, तो ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथच मुळी विचारपुशीतून सिद्ध झालेला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभट यांनी श्रीचक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या स्त्रीपुरुषांकडून आठवणी विचारून घेतल्या व त्या लिहून ठेविल्या. त्या ग्रंथाच्या पोथ्यांत निरनिराळ्या निवेदकांच्या सांगण्यातील भेद त्यांच्या नावांनिशी नोंदलेले आढळतात. कोणी काय सांगितले हे वेगळे राखावे, दोन सांगण्यांत फरक पडला तर एक पुसून टाकू नये, हा धडा आजच्या विद्यार्थ्यासही घेण्याजोगा आहे.

याच मंडळीत महदंबा अथवा महदाइसा होत्या. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून त्यांचा मान आहे, आणि चक्रधरांना सतत शंका विचारणाऱ्या जिज्ञासू शिष्या म्हणूनही त्या प्रसिद्ध आहेत. ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या सन्निध त्यांनी श्रीकृष्ण-रुक्मिणी विवाहाचे ‘धवळे’ गाइले. धवळे म्हणजे विवाहगीते. हा शब्द ध्यानात ठेवावा. पनवेलकडे वळल्यावर तो पुन्हा भेटणार आहे.

वकिलाची जिज्ञासा

संगीताच्या क्षेत्रात पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे कार्य या दृष्टीने अभ्यासनीय आहे. मुंबईत जन्मलेले भातखंडे व्यवसायाने वकील होते. १९०४ साली त्यांनी दक्षिण भारताचा दौरा केला व पुढे देशाच्या इतर भागांतही प्रवास केले. ठिकठिकाणचे गायक, वादक व पंडित यांना भेटून, हा राग कसा मानता, हा स्वर येथे का घेता, ही चीज कोणाकडून मिळाली, असे प्रश्न त्यांनी केले व झालेली संभाषणे टिपून ठेविली. त्या काळी चिजा घराण्याबाहेर सहसा दिल्या जात नसत. तरीही भातखंड्यांनी चिकाटीने त्या मिळविल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांतून दीड हजारांहून अधिक चिजा सर्वांसाठी खुल्या केल्या.

विशेष असे की, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा आपला मोठा ग्रंथ त्यांनी मराठीत आणि गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिला. शिष्य विचारतो, गुरु सांगतो, शिष्याचे समाधान होत नाही, तो पुन्हा विचारतो. पहिल्या उत्तरावर न थांबणारा प्रश्न कसा असतो, हे दाखविण्यास या ग्रंथासारखे दुसरे उदाहरण मराठीत विरळा.

लेखक आणि चित्रकार यांस काय विचारावे

प्रश्न कामाच्या रीतीकडे वळला पाहिजे. खोपोलीच्या परिसरात राहून शेतकरी व रानातील माणसे यांच्या जीवनावर ‘पाणकळा’, ‘सराई’ यांसारख्या कादंबऱ्या लिहिणारे र. वा. दिघे (१८९६–१९८०) आज हयात नाहीत. परंतु सरावासाठी वर्गात असे विचारावे की, ते आज शाळेत आले असते तर त्यांस काय विचारले असते? ‘तुम्हास लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?’ हा प्रश्न कोणत्याही लेखकास विचारता येतो, म्हणून त्याचे उत्तरही साचेबंद येते. ‘तुमचे स्वतःचे शिक्षण वकिलीचे, मग शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द तुम्ही कसे गोळा केले?’ हा प्रश्न मात्र केवळ त्यांनाच विचारता येतो.

चित्रकथेचे असेच आहे. ‘सकाळ’ दैनिकात १९९१ साली सुरू झालेली ‘चिंटू’ ही चित्रमालिका चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर या दोघांनी मिळून निर्माण केली. ‘दोघांना निरनिराळे विनोद सुचले तर कोणाचा घ्यावयाचा, हे कसे ठरते?’ हा प्रश्न मुलांना आपोआप सुचतो, कारण खेळताना तीच अडचण त्यांना रोज येते. शि. द. फडणीस यांची हास्यचित्रे बहुधा शब्दांवाचून बोलतात. त्यांतील एखादे चित्र दाखवून, ‘यात एखादी वस्तू कमी केली तर हसू येईल काय?’ असे वर्गास विचारावे. चित्रातील प्रत्येक रेषेमागे निवड असते, हे कळले की चित्रकाराला विचारावयाचा प्रश्न सापडतो.

पनवेल परिसरातील पाठ : धवलारीण

मोठे लेखक व गायक खेड्यातील शाळेत येणे नेहमी शक्य नसते. तथापि त्यावाचून पाठ अडत नाही. पनवेल, उरण, पेण या भागांतील आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारणीच्या गीतांवाचून पुरे होत नाहीत, अशी परंपरा आहे. ही बहुधा वयोवृद्ध स्त्री असते. पोथी न धरता, वाद्याची साथ न घेता, विधीमागून विधी ती धवले गात जाते. महदंबांच्या काळचा शब्द सातशे वर्षांनंतर या खाडीकाठच्या मांडवात असा जिवंत राहिला आहे. तथापि ज्या मुलाच्या आजीच्या तोंडी ही गीते आहेत, त्यास आपल्या घरी काही विद्या आहे याची बहुधा कल्पनाही नसते.

हा पाठ पुढील वर्षावर टाकण्यासारखा नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरणकडील गावांच्या जमिनी संपादित झाल्या. पुढे नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी काही गावे मुळासकट हलवावी लागली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. घर हलविता येते, देऊळही नव्या जागी बांधता येते; परंतु वृद्धेच्या स्मरणात असलेले गीत कोणी विचारून घेतले नाही, तर ते तिच्याबरोबरच जाते. त्याची भरपाई कोणत्याही कार्यालयाकडून मिळत नाही.

*पहिली तासिका : पूर्वतयारी.* ज्या विद्यार्थ्यांनी लग्नात धवले ऐकले असतील, त्यांस बोलते करावे. कोणत्या विधीला गाणे होते, गाणारी कोठे बसली होती, मागून कोण म्हणत होते, हे फळ्यावर लिहावे. जे आठवले नाही त्याची स्वतंत्र यादी करावी. तीच प्रश्नांची खाण होय.

*दुसरी तासिका : प्रश्नांची निवड.* प्रत्येकाने तीन प्रश्न लिहावेत. ज्यांचे उत्तर ‘होय’ वा ‘नाही’ एवढेच येते ते गाळावेत. पुढील नमुने मार्गदर्शक ठरतील :

१. आजी, पहिले गाणे तुम्ही कोणाच्या मागे बसून शिकलात?
२. इतके लांब गाणे विसरू नये म्हणून तुम्ही काय करता?
३. मध्येच ओळ आठवली नाही तर काय करता?
४. वधूवरांची नावे गाण्यात कोठे व कशी बसविता?
५. पूर्वी गात होतात पण आता गात नाही, असे एखादे गाणे आहे काय? ते का सुटले?

*तिसरी तासिका : प्रत्यक्ष भेट.* चार-पाच विद्यार्थ्यांनी शिक्षकांसह आजींच्या घरी, त्यांच्या सवडीने जावे. एकाने विचारावे, दोघांनी लिहावे, इतरांनी ऐकावे. भ्रमणध्वनीवर आवाज घ्यावयाचा असेल तर आधी अनुमती मागावी आणि नकार आल्यास आग्रह धरू नये. लग्नावाचून धवला गाणे त्यांना प्रशस्त वाटत नसेल, तर त्यांच्या मनाविरुद्ध गाण्यास सांगू नये. गाण्याविषयीचे बोलणेही तितकेच मोलाचे आहे. आजी थांबल्या की लगेच दुसरा प्रश्न करू नये. उत्तराचा उत्तम भाग पुष्कळदा त्या शांततेनंतरच येतो.

*चौथी तासिका : लेखन.* येथे शिक्षकाची खरी कसोटी आहे. आजी आगरी बोलीत बोलतात. विद्यार्थी ते ‘शुद्ध’ करून लिहू पाहतो, कारण बोली म्हणजे चूक असे त्याच्या मनात बसलेले असते. तसे करू देऊ नये. आजींचे शब्द जसेच्या तसे लिहावेत व कठीण शब्दांचा अर्थ पुढे द्यावा. शिक्षक बाहेरच्या जिल्ह्यातील असतील तर त्यांस त्यातील काही शब्द समजणार नाहीत. त्यांनी ते मोकळेपणाने विद्यार्थ्यांस विचारावेत. एरवी वाचनात अडखळणारा, मागच्या बाकावर बसणारा मुलगा त्या दिवशी वर्गास व शिक्षकासही अर्थ सांगू लागेल. आपल्या घरची भाषा शाळेच्या वहीत मानाने लिहिली जाते, हा अनुभव त्यास दहा निबंधांहून अधिक देईल.

मजकूर परत नेणे

लेखन पुरे झाल्यावर विद्यार्थ्यांनी ते आजींस वाचून दाखवावे. ‘हे असे नाही, असे आहे’ म्हणून त्या ज्या दुरुस्त्या सांगतील, त्या समासात लिहाव्यात; मूळ मजकूर खोडू नये. शेवटी सांगणारीचे नाव, विचारणाऱ्यांची नावे व दिनांक घालून वही शाळेच्या ग्रंथपेटीत ठेवावी, व एक प्रत आजींच्या घरी द्यावी. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी तीच वही वाचून नवे प्रश्न काढावेत. आगरी वस्ती नसलेल्या गावी भजनी बुवा, शाहीर किंवा गणेशमूर्ती घडविणारा कारागीर यांच्याबाबत हीच रीत अवलंबावी.

म्हाइंभटांच्या हाती लेखणी होती, भातखंड्यांच्या हाती टिपणवही होती. दोघांचेही मुख्य साधन नम्रपणे विचारलेला प्रश्न हेच होते. ते साधन प्रत्येक शाळेत आहे. येत्या लग्नसराईपूर्वी प्रत्येक शाळेत अशी निदान एक वही तयार व्हावी, हे शिक्षकबंधुभगिनींच्या हाती आहे.