मतदारयादीतील आपले नाव
(नागरिकशास्त्र : वरच्या प्राथमिक वर्गांकरिता पाठाची मांडणी)



निवडणुकीचा पाठ आपण वर्गात घेतो, तेव्हा प्रारंभ बहुधा मतदानाच्या दिवसापासून करतो. मतदारांची रांग, बोटावरची शाई, यंत्रावरील कळ आणि निकालानंतर उधळलेला गुलाल हे सारे मुलांनी पाहिलेलेच असते. परंतु मतदानाचा खरा आरंभ त्या दिवशी होत नाही. तो कित्येक महिने आधी एका साध्या कागदावर होतो. त्या कागदास मतदारयादी म्हणतात. ज्याचे नाव त्या यादीत नाही, त्यास हक्क असूनही मत देता येत नाही. ही एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसविणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

हाच हेतू मी का निवडला, ते प्रथम सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी, मी शिक्षक असताना, शेजारच्या गावी मतदान अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली होती. यादी माझ्याच हाती होती. दुपारच्या सुमारास कडेवर मूल घेऊन एक तरुण स्त्री आत आली. मी तिला ओळखले. ती माझ्या चौथीच्या वर्गातील विद्यार्थिनी. लग्न होऊन ती त्या गावी आली होती आणि सासरी तिचे नावही बदलले होते. मी नव्या नावाने यादी पाहिली, जुन्या नावाने पाहिली. नाव कोठेच नव्हते. “बाळ, यादीत तुझे नाव नाही,” असे मला सांगावे लागले. ती म्हणाली, “गुरुजी, माझं नाव लिहायला तर तुम्हीच शिकवलंत.” तिने वाद घातला नाही, आली तशी ती परत गेली. त्या दिवशी नियमाप्रमाणे मी वागलो, तरी ते वाक्य मनात राहून गेले. तिला नाव लिहावयास मी शिकविले होते. ते यादीत शोधावयास मात्र शिकविले नव्हते.

हा हक्क कसा मिळाला?

मुलांना सांगावे की, मताचा हक्क पूर्वी सर्वांस नव्हता. इंग्रजी अमदानीत 1919 व 1935 च्या कायद्यांनी निवडणुका झाल्या खऱ्या, परंतु मतदार होण्यास मालमत्ता, कर अथवा शिक्षण यांची अट असे. मुंबई इलाख्यात स्त्रियांना 1921 साली मताधिकार मिळाला. पण अट कायम होती, आणि ज्या काळी घर व जमीन पुरुषाच्या नावावर असे, त्या काळी किती स्त्रियांना ती पुरी करता येणार? शेतमजूर, कारागीर, निरक्षर मनुष्य हे बहुतेक सारे यादीबाहेरच राहत. सायमन कमिशनपुढे 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सर्व प्रौढांना मताधिकार मिळावा अशी मागणी केली. त्याच वर्षीच्या नेहरू समितीच्या अहवालातही ती मागणी होती.

26 जानेवारी 1950 रोजी भारतीय संविधान अंमलात आले आणि त्यातील अनुच्छेद 326 ने प्रौढ मताधिकार दिला. धन, जात, धर्म, लिंग, शिक्षण यांपैकी कशाचीही अट ठेवली नाही. 1951 च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा 18 च्या आसपास होते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या निर्णयाचे मोल कळते. अक्षर न येणाऱ्या मतदारास मत देता यावे म्हणून उमेदवारांना चिन्हे देण्यात आली. मतदाराचे वय प्रारंभी 21 होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते 28 मार्च 1989 पासून 18 झाले. माझ्या पिढीने त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत अठराव्या वर्षी मत दिले.

अठ्ठावीस लाख नावे

पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 साली झाली. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. यादीत सुमारे 17 कोटी 32 लाख नावे आली. परंतु यादी तयार करताना एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. उत्तरेकडील व मध्य भारतातील काही प्रदेशांत पुष्कळ स्त्रियांनी परक्या माणसास आपले नाव सांगण्याचे नाकारले. तशी रीतच होती. मग गणनेसाठी आलेल्या लोकांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ असे लिहून घेतले. अशी नोंद ग्राह्य धरता येणार नाही. मतदार ही स्वतंत्र व्यक्ती आहे, तेव्हा तिचे स्वतःचे नाव हवे, असे निवडणूक आयोगाने ठरविले. नावे सांगण्याविषयी आवाहने झाली. तरीही सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे शेवटपर्यंत मिळाली नाहीत आणि ती यादीतून वगळावी लागली.

ह्यावर वर्गात चर्चा घडवून आणावी. आयोगाचे करणे बरोबर होते का? इतक्या स्त्रियांचे मत गेले, ही हानी खरीच. परंतु ‘अमक्याची बायको’ हे मत कोणाचे, बायकोचे की अमक्याचे? मुले दोन्ही बाजूंनी बोलतील; त्यांना बोलू द्यावे. शेवटी एवढे सांगावे की, एका माणसास एक मत, आणि ते त्याच्या स्वतःच्या नावाने, हा लोकशाहीचा पाया आहे.

आपल्याकडे अडचण निराळी आहे. आपल्या स्त्रिया नाव सांगण्यास लाजत नाहीत. परंतु लग्नानंतर पुष्कळांचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव ही तिन्ही बदलतात. माहेरच्या यादीतून नाव निघते आणि सासरच्या यादीत ते घालावयाचे राहून जाते. माझ्या विद्यार्थिनीचे असेच झाले असावे. ऊसतोडीस किंवा कामधंद्यासाठी परगावी राहणाऱ्या कुटुंबांतही यादीकडे दुर्लक्ष होते.

यादी कशी तयार होते?

विधानसभेच्या मतदारसंघाची यादी मतदान केंद्रागणिक भाग पाडून केलेली असते. प्रत्येक भागासाठी एक केंद्रस्तरीय अधिकारी असतो. पुष्कळ ठिकाणी तो आपल्यापैकीच एखादा शिक्षक असतो. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै व 1 ऑक्टोबर ह्या चार तारखांपैकी ज्या तारखेस 18 वर्षे पूर्ण होतात, त्या तारखेच्या आधाराने नाव नोंदविता येते. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांस आगाऊ अर्जही करता येतो. नवीन नावासाठी अर्ज नमुना 6 आहे. एखाद्या नावास हरकत घेण्यासाठी किंवा ते वगळण्यासाठी नमुना 7 आहे. पत्ता बदलणे किंवा नोंद दुरुस्त करणे यासाठी नमुना 8 आहे. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर दावे व हरकती मागवितात आणि त्यानंतर अंतिम यादी लागते. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीपुरते यादीत नाव घालता येत नाही. हीच यादी गट, गण व प्रभाग यांत विभागून जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत यांच्या निवडणुकांतही वापरतात.

एक गैरसमज मुद्दाम दूर करावा. ओळखपत्र जवळ असले म्हणजे मत देता येतेच असे नाही. ओळखपत्राने माणूस पटतो. हक्क मात्र यादीतील नावाने बजावता येतो.

मतदान केंद्रात

आत गेल्यावर पहिला अधिकारी यादीत नाव पाहून ते मोठ्याने उच्चारतो, म्हणजे उमेदवारांचे प्रतिनिधी हरकत असल्यास घेऊ शकतात. नंतर डाव्या हाताच्या तर्जनीस शाई लावतात व नोंदवहीत सही अथवा अंगठा घेतात. मग मतदार आडोशामागे जाऊन एकटाच कळ दाबतो. शेजारच्या यंत्रात उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. मत कोणास दिले, हे विचारण्याचा अधिकार बापास नाही, नवऱ्यास नाही, सरपंचास नाही व गुरुजींसही नाही. आपल्या नावावर दुसऱ्याच कोणी मत देऊन गेला असेल, तर मुकाट्याने परतू नये. केंद्राध्यक्षास सांगावे, ओळख पटल्यावर तो कागदी मतपत्रिका देतो. त्यास प्रदत्त मत म्हणतात.

वर्गातील कृती

वर्गमंत्र्याची निवडणूक आपण घेतोच. ह्या वेळी ती यादीपासून सुरू करावी. दोन मुलांनी वर्गाची प्रारूप यादी लिहून भिंतीवर लावावी. तिच्यात शिक्षकाने हेतुपुरस्सर चार चुका ठेवाव्यात : एक नाव गाळावे (ते एखाद्या धीट मुलाचे असावे), एक दोनदा लिहावे, एक चुकीचे लिहावे आणि शाळा सोडून गेलेल्याचे एक राहू द्यावे. तीन दिवस दावे व हरकती लेखी घ्याव्यात. सर्व चुका दुरुस्त झाल्यावरच मतदान घ्यावे, आणि मत गुप्त राहील अशी व्यवस्था करावी. आपले नाव गाळलेले पाहून त्या मुलास काय वाटले, हे त्याच्याच तोंडून वर्गाने ऐकावे. पुस्तकातील दहा वाक्यांपेक्षा ते अधिक लक्षात राहील.

स्वाध्याय

1. घरातील मोठ्या माणसांजवळ बसून मतदारयादीत त्यांची नावे शोधा. यादी केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे व निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते.
2. घरातील एखाद्या स्त्रीस तिचे माहेरचे पूर्ण नाव विचारा. यादीत कोणते नाव आहे ते लिहा.
3. ‘अमक्याची बायको’ अशी नोंद आयोगाने का नाकारली? पाच ओळी लिहा.
4. ओळखपत्र आणि मतदारयादी यांत फरक काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तपासताना कोणा घरचे नाव गळलेले आढळले, तर शिक्षकाने केवळ खूण करून वही परत देऊ नये. योग्य तो अर्ज कोठे मिळेल हे त्या मुलाबरोबर घरी कळवावे. त्या एका अर्जामुळे पुढच्या निवडणुकीत कोणी स्त्री केंद्राच्या दारातून परत गेली नाही, तर हा पाठ सफल झाला असे समजावे.